टिपणिसांचं वजन

उल्हासराव टिपणिसांना उडायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आमच्या शारजातले लोक मागून काय वाट्टेल ते बोलतात. माणूस अगदी जमिनीवरचा. एका बांधकाम कंपनीत पर्चेस मॅनेजर, आणि पर्चेस अंगात इतकं मुरलेलं की तीन कोटेशनं घेतल्याशिवाय घरात कोथिंबिरीची जुडीसुद्धा यायची नाही. राहायचे चौदाव्या मजल्यावर, पण बाल्कनीत टॉवेल वाळत घालायची वेळ आली की भिंतीला पाठ लावून आडवे आडवे सरकत जायचे. अशा गृहस्थाच्या पाठीला एके दिवशी इंजिन बांधलं गेलं, त्याला जबाबदार अमेरिकेतल्या बुडालेल्या बँका.

तिकडे बँका बुडाल्या आणि इकडे दुबईतल्या क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. उल्हासरावांचे साहेब ग्रॅहम डिसेंबरात ख्रिसमसला म्हणून विलायतेला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची गाडी विमानतळावर धूळ खात राहिली. जानेवारीत उल्हासरावांना त्यांची ईमेल आली. रास अल खोरच्या गोदामांतल्या एका शेडची चावी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, आणि पुढे दोनच वाक्यं: 'आय कान्ट टेक हर विथ मी. लुक आफ्टर हर.'

ही ईमेल घरी मोठ्याने वाचायची नव्हती. पण उल्हासराव बायकोपासून काही लपवत नसत, हा त्यांचा जुना घोटाळा.

"ही 'हर' कोण?" कुंदाताईंनी पोळी तव्यावरच ठेवून विचारलं.

"मला खरंच माहीत नाही गं."

"माहीत नसलेल्या बाईला सांभाळायला सांगतात होय तुम्हाला?"

"मांजर असेल."

"रास अल खोरला? टायरच्या गोदामात?"

शुक्रवारी उल्हासराव निघाले तेव्हा शेजारचे राजाभाऊही बरोबर निघाले. राजाभाऊंना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांना कधीच कोणी बोलावत नाही, आणि ते कधीच चुकत नाहीत. विमा विकून विकून जगातल्या प्रत्येक गोष्टीत काय धोका आहे हे त्यांना पाठ झालं होतं. शेडचं शटर वर गेलं. आत मांजर नव्हतं, बाई तर नव्हतीच. गोल जाळीचा पिंजरा, त्याच्यात लाकडी पंखा, मागे इंजिन, खाली सीट, पुढे पट्टे आणि शेजारी एक भलंमोठं गाठोडं.

"शेतावर फवारणी करतात ते यंत्र," राजाभाऊ तात्काळ म्हणाले.

गाठोडं सोडल्यावर त्यातून निळं-पिवळं कापड निघायला लागलं, आणि निघतच राहिलं. राजाभाऊंनी मत बदललं. "लग्नाचा मांडव." शेवटी शेडचा राखणदार हसत हसत म्हणाला, "साब, इससे गोरा उड़ता था." म्हणजे पंखा पाठीला बांधायचा, कापड डोक्यावर पसरायचं, धावायचं आणि जायचं वर. याला पॅरामोटर म्हणतात. उल्हासरावांनी नुसतं ऐकूनच शटरचा खांब धरला.

विकायला काढलं, तर घेणार कोण? त्या वर्षी शारजात जो तो काही ना काही विकत होता. सोफे, फ्रीज, पियानो. शेडची मुदत संपली आणि यंत्र घरी आलं. सोफा आणि देव्हारा यांच्यामध्ये ते बसलं. आल्यागेल्याला वाटे, नवा कूलर. पाठोपाठ कुंदाताईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बिल्डिंगमधल्या बायका आल्या. राजाभाऊंच्या मंजुषावहिनींनी तर देव्हाऱ्याशेजारी आहे म्हणून इंजिनालाही हळदकुंकू वाहिलं आणि तिळगूळ ठेवला. मग विचारलं, "भावजी उडवणार हे?"

उल्हासराव आतून वाण आणून द्यायच्या कामावर होते. ते काही बोलणार, तेवढ्यात त्यांची कन्या मिहिका मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा? प्लीज. ही नीड्स थ्री कोटेशन्स टू सिट डाउन."

बायका हसल्या. खूपच हसल्या. कुंदाताईसुद्धा हसल्या, हे जास्त लागलं. हातात वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांची चळत घेऊन उभ्या असलेल्या माणसाची प्रतिष्ठा मुळातच नाजूक असते.

"उडवणार आहे," उल्हासराव म्हणाले. "शुक्रवारपासून क्लास."

कसला क्लास, कुठला क्लास, त्यांना काहीही माहीत नव्हतं.

पण शोधल्यावर सापडला. अल ऐनच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एका मोकळ्या माळावर चार तंबू ठोकून एक क्लब चालायचा. तिथले उस्ताद जहूर. मूळचे पाकिस्तानातल्या चित्रालचे, आणि बोलायला लागले की थांबायचे नाहीत. चित्रालला आपण गरुडाच्या पुढे उडत होतो, गरुड दमला म्हणून खाली उतरला, असं ते पहिल्या भेटीतच सांगत. उल्हासरावांना पाहून मात्र त्यांचाही आवाज गेला. त्यांनी ताबडतोब वजनकाटा आणला. काटा अठ्ठावन्नवर थांबला.

"साब," जहूर गाठोड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ये पंख घोड़े का है. आप तो कबूतर हो."

ग्रॅहमसाहेब शंभराच्या आसपास. त्यांच्या मापाचं कापड हलक्या माणसाला घेऊन वर जातं, पण खाली यायचं नाव घेत नाही. तेव्हा सीटखाली पंधरा-वीस किलो भार बांधायला हवा. त्याला बॅलास्ट म्हणतात. वाळू भरा, पाणी भरा, काही भरा. आणि हो, एनओसी आणा. कंपनीची.

आता यूएईत एनओसी म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. गाडी शिकायची, एनओसी. फोन घ्यायचा, एनओसी. कंपनीने कागदावर लिहून द्यायचं की या माणसाने हे केलं तर आमची हरकत नाही. पण त्या वर्षी ऑफिसात कोणी एनओसी मागितली की अर्थ एकच, नोकरी सोडतोय. एचआरचे सगळे लोक आधीच घरी गेलेले. खुर्चीवर अकाउंट्सचे अरुण मेनन बसले होते. उल्हासरावांनी 'एनओसी' म्हणताच ते उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी हात धरला.

"टिपणीस! यू आर अ जंटलमन. मैं बोलने ही वाला था. कैसे बोलूँ, समझ नहीं आ रहा था."

"क्या बोलने वाले थे?"

"नहीं, अब आप खुद जा रहे हो, तो..."

"मैं कहीं नहीं जा रहा. सिर्फ ऊपर जा रहा हूँ."

मेनन एकदम गंभीर झाले. मंदीत माणसं असं बोलायला लागली होती. त्यांनी पाणी मागवलं, डोकं शांत ठेवा, बायकोमुलीचा विचार करा म्हणाले. पॅरामोटरचं चित्र दाखवल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, पण उल्हासरावांचा बाहेर सांडला. एनओसी मिळाली. त्याबरोबर हेही कळलं की कंपनीने त्यांचं नाव काढलं होतं. मेनन म्हणाले, पगार कमी घेऊन राहत असाल तर बघतो. इन्शाल्ला.

इन्शाल्लावर घर चालवायची उल्हासरावांना सवय नव्हती. त्या संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. जॅममध्ये बसल्या बसल्या त्यांनी डोक्यात एक्सेलशीट काढलं. ऑप्शन ए, सगळे इथे. ऑप्शन बी, मार्चमध्ये मिहिकाची नववी संपली की कुंदा आणि मिहिका पुण्याला, आणि आपण एका खोलीत बेडस्पेस, म्हणजे चार जणांत आपली एक खाट, घेऊन. बी सगळ्याच बाबतींत सरस निघाला. बिल्डिंगमधली अर्धी कुटुंबं तेच करत होती. घरी जाताना त्यांनी दोन मोठ्या बॅगा घेतल्या, आणि पुण्याला न्यायला म्हणून खजूर, बदाम, पिस्ते, दूध पावडरचे डबे, चॉकलेटं, बाम, सगळं एकदम घेतलं. तीन कोटेशनं घ्यायचीसुद्धा राहून गेली, यावरून मनाची अवस्था लक्षात यावी.

लिफ्टमध्ये राजाभाऊ भेटले. "बॅग केवढ्याला? दीडशे दिरहम? म्हणजे दोन हजार रुपये! अहो, एवढ्यात पुण्यात..." बोलता बोलता त्यांना अर्थ लागला आणि ते गप्प झाले. राजाभाऊ गप्प झाले, ही बातमी घरोघर आधी पोचली.

कुंदाताईंनी बॅगा पाहिल्या.

इथे कुंदाताईंबद्दल थोडं सांगायला हवं. बॅग भरणं ही त्यांची विद्या होती. तीस किलो म्हणजे तीस किलो, एक चमचा जास्त नाही. बॅगा तोलायचा हुकाचा काटा त्या देवघराच्या फडताळात ठेवायच्या. त्या मोसमात बिल्डिंगमधली प्रत्येक परत जाणारी बाई त्यांना हात धरून न्यायची, आणि कुंदाताई वाकून, गुडघा टेकवून दुसऱ्यांचे संसार बॅगांत बसवून द्यायच्या. घरी येऊन मात्र जेवायच्या नाहीत नीट.

"आमचं तिकीट काढलंत?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. आधी तुझ्याशी बोलूनच..."

"बोलायला बॅगा घेऊन आलात?"

"अगं, सगळ्या बाजूंनी विचार केला. मी शीट काढलंय."

"शीटमध्ये मी कुठल्या कॉलममध्ये आहे?"

उल्हासरावांनी नव्या बॅगेची चेन उघडली, परत लावली. कुंदाताई आत गेल्या आणि अबोला सुरू झाला. मिहिका म्हणाली, "आय वॉज बॉर्न हिअर, बाबा. व्हॉट विल आय डू इन पुणे?" आणि तिनेही दार लावून घेतलं. दोन रिकाम्या बॅगा आणि एक पॅरामोटर यांच्या सोबतीने उल्हासराव सोफ्यावर बसून राहिले. आपलं काय चुकलं, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. चांगलंच तर करायला गेलो होतो.

शुक्रवार मात्र चालू राहिले. खरं सांगायचं तर घरच्या अबोल्यापेक्षा माळावरचं वारं बरं. मिहिका गाडीत पुस्तक घेऊन येऊन बसायची, कारण आईने सांगितलं होतं, 'त्यांना म्हणावं पडलात तर फोन कोण करणार?' एका शुक्रवारी राजाभाऊंकडे सत्यनारायण होता. त्या दिवशी यंत्र तपासायला माळावर सोडायचं होतं. टेम्पोवाल्याबरोबर मिहिका गेली आणि उल्हासराव प्रसादाला थांबले. हा एक क्लास त्यांचा बुडला, एवढं ध्यानात ठेवा.

फेब्रुवारीच्या शेवटी जहूर म्हणाले, पुढच्या शुक्रवारी उडायचं. राजाभाऊंनी ताबडतोब त्याची पिकनिक केली. बिल्डिंगमधली जी पाच-सहा कुटुंबं अजून शिल्लक होती ती सगळी येणार. आदल्या संध्याकाळी बॅलास्टचा प्रश्न निघाला. बोलणी मिहिकामार्फत.

"मिहिका, आईला सांग, वाळू भरायला एक जाड पिशवी हवी."

"वाळू घरात आणायची नाही म्हणावं. गालिच्यात जाते."

"मग पाणी."

"पाणी हिंदकळतं," राजाभाऊ मध्येच म्हणाले. ते कधी आले होते, देव जाणे. "हवेत पाणी डावीकडे गेलं की माणूस डावीकडे जातो. मी सांगतो ना!"

कुंदाताई उठल्या. उल्हासरावांनी पुण्यासाठी आणलेलं सगळं सामान त्यांनी ओट्यावर काढलं. खजुराचे डबे, बदाम, पिस्ते, दूध पावडर, चॉकलेटं, बाम. एक जाडजूड हँडबॅग घेतली, आणि फटी शोधून शोधून ते सगळं तिच्यात असं बसवलं की आत हवा राहिली नाही. हुकाचा काटा लावला. बरोबर अठरा. मग थेट नवऱ्याकडे बघून, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, बोलल्या.

"घ्या. पुण्याला न्यायचं होतं ना? तेच न्या वर."

शुक्रवारी दुपारी सगळे माळावर जमले. समोर काळपट डोंगर, मागे बाभळीसारखी चार झाडं, आणि वारा अजिबात नाही. जहूर म्हणाले, थांबा. उल्हासराव हेल्मेट घालून उन्हात उभे राहिले. लोकांनी सतरंज्या अंथरल्या. पुलावाचं पातेलं ज्यांच्या गाडीत होतं त्यांची गाडी चुकीच्या वळणावरून ओमानच्या सीमेकडे गेली होती. मुलं रडायला लागली. जहूर डोळे मिटून म्हणाले, आज हवा नहीं आएगी, खलास. उल्हासरावांना हे ऐकून जो आनंद झाला तो त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. निराश झाल्यासारखं करत ते तंबूमागे पाणी प्यायला गेले.

इकडे मंजुषावहिनी म्हणाल्या, "कुंदा, पोरांना द्यायला काही आहे का गं?"

कुंदाताईंनी त्या हँडबॅगेकडे पाहिलं. उडणं तर रद्दच झालेलं. त्यांनी चेन उघडली आणि म्हणाल्या, "खा हो, पोटभर खा! पुण्याला जायचंय थोडंच!"

खजूर गेले. बदाम, पिस्ते, चॉकलेटं गेली. राजाभाऊंनी कोमट पाण्यात दूध पावडर कालवून सगळ्यांना प्यायला दिली आणि वर बाम कपाळाला लावून बाटल्या खिशात टाकल्या. दोन डबे मंजुषावहिनींनी, नंतर लागतील म्हणून, आपल्या गाडीत ठेवले. हँडबॅगेत उरल्या खजुराच्या बिया, कारण माळावर कचरा करायचा नाही अशी पाटी होती आणि आपली माणसं पाट्या वाचतात.

आणि नेमका वारा आला.

"यल्ला, यल्ला!" जहूर ओरडत धावले. "टिपणीस साब, यही हवा है! फिर नहीं आएगी!" एका झटक्यात इंजिन पाठीला बसलं, पट्टे आवळले गेले. जहूरनी हँडबॅग उचलून सीटखाली अडकवली. हँडबॅग एवढी हलकी कशी लागली, हे त्यांच्या मनात का आलं नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. त्यांचं म्हणणं, आपल्या दंडात ताकदच तेवढी आहे. कुंदाताई "अहो, अहो!" म्हणून पुढे झाल्या, पण इंजिन सुरू झालं होतं, आणि पाठीवर ते असताना स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. उल्हासरावांना वाटलं, बायको निरोप द्यायला आली. एवढ्यावरच त्यांचे डोळे भरले, आणि ते धावत सुटले.

पाचव्या की सहाव्या पावलाला पाय जमिनीला लागेनासे झाले. तरी ते बराच वेळ धावत होते.

माणूस उडाला हो! निळं-पिवळं कापड वर ताणलं गेलं आणि टिपणीस वर, वर, डोंगराच्या खांद्यापर्यंत गेले. खाली टाळ्या, शिट्ट्या. राजाभाऊंनी रास अल खोरच्या खाडीतले फ्लेमिंगो बघायला घेतलेली दुर्बीण लावली आणि सगळ्यांसाठी समालोचन सुरू केलं. "डोळे मिटलेले आहेत... एक उघडला... दोन्ही उघडले!"

डोळे उघडल्यावर उल्हासरावांना बाल्कनीत वाटायची ती भीती वाटेना. कदाचित घाबरायला भिंतच नव्हती म्हणून. हेल्मेटमधल्या रेडिओवर जहूर म्हणाले, "शाबाश! अब इंजन बंद, नीचे आओ." त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली. आणि खाली येण्याऐवजी ते आणखी वर गेले.

दिवसभर तापलेल्या डोंगरावरून गरम हवा वर येत होती आणि सीटखाली होत्या खजुराच्या बिया. कापड घोड्याचं, खाली कबूतर. जहूर म्हणाले, दाएँ. उल्हासराव उजवीकडे गेले, वर. बाएँ. डावीकडे गेले, वर. राजाभाऊंनी पुरवलं की एक माणूस असाच उडाला तो इराणात उतरला. मंजुषावहिनींनी देवाला नारळ बोलला.  चॉकलेटच्या रिकाम्या कागदांकडे बघून कुंदाताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी खायला घातलं सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे गेले ते वर."

वर उल्हासरावांना हे काही माहीत नव्हतं. त्यांना खाली दिसत होता तो रुमालाएवढा माळ, मुंगीएवढ्या गाड्या, आणि त्यांच्यापासून जरा बाजूला एक केशरी ठिपका. कुंदाची ओढणी. तो ठिपका इकडून तिकडे धावत होता. ते जिकडे वळतील तिकडे. उल्हासरावांच्या मनात आलं, एप्रिलमध्ये आपण वर असू किंवा खाली, कुठेही असू, असं धावायला कोणी नसेल. शीटमध्ये हा कॉलम घालायचा राहिलाच. आणि तिथे, अल ऐनच्या अलीकडे, हवेत, ते चक्क रडले.

तेवढ्यात रेडिओवर जहूर कडाडले. "टिपणीस साब! कान खींचो! दोनों कान!"

आता उडणाऱ्यांच्या भाषेत या कापडाच्या दोन टोकांना कान म्हणतात. बाहेरच्या दोऱ्या ओढल्या की टोकं दुमडतात आणि माणूस खाली येतो. पण हा धडा शिकवला गेला त्या शुक्रवारी उल्हासराव सत्यनारायणाचा शिरा खात होते. त्यांना एवढंच कळलं की मास्तर कान धरायला सांगताहेत. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. आपण एवढा गोंधळ घातल्यावर कोणीही हेच सांगितलं असतं. त्यांनी हातातल्या कड्या सोडल्या आणि हेल्मेटवरून का होईना, दोन्ही कान धरले.

खाली राजाभाऊंच्या हातातून दुर्बीण पडता पडता राहिली.

"कान धरले!" ते ओरडले. "वहिनी, उल्हासरावांनी कान धरले! दोन्ही!"

"काय?"

"माफी मागतायत हो! आकाशातून माफी मागतायत! रडतायत पण!"

कुंदाताईंनी दुर्बीण हिसकावली. दिसलं ते खरंच होतं. नवरा वर लटकतो आहे, गाल ओले आहेत, दोन्ही हातांनी कान धरलेत. अख्ख्या बिल्डिंगसमोर. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, या माणसाने कधी साधं 'चुकलं' म्हटलं नव्हतं. कुंदाताईंनी जहूरच्या हातातला रेडिओ ओढून घेतला.

"अहो, पुरे! सोडा कान! मी नाही रागावलेय!"

"छोड़ना नहीं!" जहूर ओरडले. "ज़ोर से खींचो!"

"जास्त जोराने कशाला? दुखेल ना त्यांना! सोडा म्हणते ना!"

उल्हासराव एकदा कान सोडत, एकदा धरत. खाली बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मिहिका एवढा वेळ सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. तिने आईच्या हातून अलगद रेडिओ काढून घेतला, चार पावलं बाजूला गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, लिसन. नॉट युवर इयर्स. विंगचे कान. द रेड स्ट्रिंग्ज, आउटसाइड. पुल."

त्यांनी लाल दोऱ्या ओढल्या. कापडाची टोकं दुमडली, आणि टिपणीस मुकाट्याने खाली यायला लागले. माळावर न उतरता ते पलीकडच्या उंटांच्या कुंपणात, गवताच्या ढिगावर बसले. एक उंट आला, त्याने हेल्मेट हुंगलं, हँडबॅगेतल्या बिया खाल्ल्या आणि निघून गेला.

पहिल्या कुंदाताई पोचल्या. त्यांना हसायलाही येत होतं आणि रडायलाही.

"एवढं करायची काय गरज होती हो? घरी म्हटलं असतंत तरी चाललं असतं. सगळ्यांसमोर कान धरलेत!"

उल्हासरावांनी तोंड उघडलं. मागून जहूर धापा टाकत आले. "भाभी, वो माफी नहीं थी, मैंने ही तो बोला था कि कान..."

एका बाजूला खरं बोलायची एकोणीस वर्षांची सवय. एका बाजूला अख्खी बिल्डिंग ज्याला मनाचा मोठेपणा म्हणत होती तो आयता पदरात पडलेला. आणि मध्ये केशरी ओढणी, धावून धावून धुळीने माखलेली.

"जहूरभाई," उल्हासराव म्हणाले, "खलास."

मिहिका कुंपणाला टेकून उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, बापाने तिच्याकडे. "नाइस अपॉलॉजी, बाबा," ती म्हणाली, आणि त्यापुढे कधीही, कोणाकडेही, एक अक्षर बोलली नाही.

रविवारी ऑफिस उघडल्यावर उल्हासरावांनी मेननना सांगितलं, कमी पगारात राहतो. मार्चअखेर त्यांनी धाकटं घर घेतलं, त्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली कमी. राजाभाऊंनी दुसऱ्या मजल्यावरचे सगळे धोके समजावून सांगितले. सामान हलवताना पॅरामोटरचं कापड ठेवायला जागा होईना. तेव्हा कुंदाताईंनी त्या दोन नव्या बॅगांतली एक ओढली, गुडघा टेकवला, आणि ते भलंमोठं निळं-पिवळं प्रकरण घडी घालून घालून तिच्यात बसवलं. सवयीने हुकाचा काटा लावला.

"आठच किलो," त्या म्हणाल्या. "बावीस किलो जागा आहे अजून." आणि त्यांनी वरून घरातल्या सगळ्या रजया कोंबल्या. दुसऱ्या बॅगेत हिवाळ्याचे कपडे गेले. दोन्ही बॅगा पलंगाखाली ढकलून त्या जमिनीवरच बसल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "वर असताना नेमकं काय मनात आलं हो, की एकदम कान धरलेत?"

उल्हासरावही जमिनीवर बसले.

"तू खाली धावताना दिसलीस," ते म्हणाले.

आणि रेडिओवरून कोणीही काहीही सांगितलेलं नसताना, त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि कान धरले.